तिच्या वाट्याचे चार सेकंद

पुन्हा तीच – डोळा मारणारी... गुळगुळीत कागदाचा तो पत्त्याएवढा तुकडा गिदोकनं दोन बोटांत धरून काचेच्या उजेडाकडे केला, उलटा केला, सुलटा केला, जणू उलटसुलट केल्यानं आतली मुलगी बदलणार होती. बदलली नाही. डावा डोळा मिटलेला, ओठांचा चंबू, कानात चेरीएवढं लाल काहीतरी. मुलगी गोड होती, कुणाची तरी लाडकी असणार, थंडीत शाळेत सोडताना तिच्या बापानं तिच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून दिली असणार – पण तो बाप गिदोक नव्हता. हा गाण्यांचा सहावा अल्बम. प्रत्येक खोक्यात पाचजणींपैकी एकीचा फोटो निघतो, कुणाचा ते ज्याचं त्याचं नशीब. आणि सहा खोक्यांत मिळून गिदोकच्या नशिबी दुसऱ्यांच्या चार मुली आल्या होत्या, त्यातली ही तीनदा. स्वतःची एकदाही नाही.

त्यानं फोटो गाडीच्या कागदपत्रांच्या फायलीत, आधीच्या पाचांच्या मागे सरकवला. सकाळचे पावणेआठ झाले होते. जेचन गावातल्या त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात ओळीनं उभ्या असलेल्या पिवळ्या गाड्यांमधली चौथी गाडी त्याची, म्हणजे उजवीकडची, शिकवणाऱ्याची सीट त्याची आणि त्या सीटच्या पायाशी असलेला जादा ब्रेक त्याचा. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका त्या एका ब्रेकनं थांबवण्यात गेलेली, आणि एवढ्या वर्षांत आपण गाडी चालवायला शिकवतो की थांबवायला, हे त्याला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. अल्बम काल बाजारात घेताना दुकानदारीणबाईला त्यानं सांगितलं होतं, भाचीसाठी हवेत. ती सहज म्हणाली, "भाचीला पाचांतली कोण आवडते?" आणि एवढ्याशा प्रश्नानं त्याला घाम फुटला, जिभेवर आलेलं नाव गिळून तो म्हणाला, "सगळ्याच." "मोठ्या मनाची आहे हो भाची," बाई म्हणाली.

भाची नव्हतीच. मुलगी होती. सेबोम. पण जगात ती आता सेबोम नव्हती, वेरा होती – कंपनीनं ठेवलेलं नाव, शांपूच्या बाटलीवर शोभेल असं – आणि 'सोडाबेल' नावाच्या त्या पाच मुलींच्या गटात तिचा क्रमांक कुणी विचारला नाही तरी पाचवा होता. फोटोत कडेला. नाचात मागे. गाण्यात... गाण्यात कुठे ते शोधावं लागे. गिदोक ते शोधत असे. तीन वर्षांत आठ गाणी आली, त्या आठांत मिळून सेबोम जेवढं गायली होती तेवढ्यात सिग्नल हिरव्याचा लालसुद्धा होत नाही. हे नववं गाणं, 'आधी तू', काल संध्याकाळी सहाला बाहेर आलं, आणि कंपनीनं मुलींना स्पष्ट सांगितलं होतं की हे चाललं तर ठीक, नाही तर उन्हाळ्यात करार संपतोय, तो संपू द्यावा. हे सेबोमनं आईला सांगितलं होतं. आईनं गिदोकला. सेबोम गिदोकला थेट फारसं काही सांगत नसे, जेवलात का एवढं विचारी, आणि तो जेवलो म्हणे, आणि मग दोघंही फोन कानाला लावून आई कुठे गेली म्हणून वाट बघत.

काल सहा वाजायच्या आधीच त्याच्या बायकोनं, जोंगइमनं, आपलं सलून बंद केलं होतं. एका बाईच्या डोक्याला रंग लावलेला तसाच ठेवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, तिला म्हणाली, उद्या या, रंग जितका मुरेल तितका चांगला. मग नवराबायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, किमचीच्या डब्याला फोन टेकवला, आणि सहाच्या ठोक्याला गाणं सुरू झालं. रंगीत खोल्या. धावणारे कॅमेरे. ती डोळा मारणारी. मग उंच. मग सोनेरी केसांची. "ती बघा, मागं, शेवाळी केस!" जोंगइम ओरडली, आणि गिदोकनं बघेपर्यंत शेवाळी केस गेलेही. गाणं होतं एका मुलीचं, जी फोनची वाट बघते आहे, आधी तू कर, मी नाही करणार, आधी तू... एक मिनिट. दोन मिनिटं. सेबोमनं अजून तोंड उघडलं नव्हतं. टेबलाखाली गिदोकचा उजवा पाय आपोआप जमीन दाबू लागला होता. आणि मग एकदम सगळं संगीत थांबलं, ढोल थांबला, चौघी थिजल्या, आणि शेवाळी केसांची ती मुलगी एका पायरीवर बसता बसता –

"आऽय्गूऽऽ... च्च."

मग ढोल. मग पुन्हा आधी तू, आधी तू. मग संपलं.

"मध्येच हा म्हातारा कोण?" गिदोकनं विचारलं.

"म्हातारा?" जोंगइमनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं ती तिशीतच टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाकडे बघते. "ती आपली सेबोम आहे."

 आणि फोन उचलून ती आतल्या खोलीत गेली. रात्री ती झोपेपर्यंत आतून टकटक टकटक ऐकू येत होतं. काय लिहितेस म्हणून त्यानं विचारलं नाही. पाठीवर पडून तो हिशेब करत राहिला. सात वर्षं. सतराव्या वर्षी शाळा अर्धी टाकून सोलला गेलेली मुलगी, चार वर्षं नुसती तालीम, तळघरातल्या आरशांच्या खोल्या, सकाळ-संध्याकाळ उकडलेली रताळी; मग ही तीन वर्षं; आणि शेवटच्या संधीला तिला मिळाले चार सेकंद, आणि त्या चार सेकंदांत ही पोरगी गायली नाही, कण्हली. लोक उठता-बसता कण्हतात तसं. फुकट करता येतं ते. त्यासाठी सोलला जावं लागत नाही...

आठ वाजता काचेवर टकटक झाली. आठची शिकाऊ, बोंगसून मावशी. बाजारात तिचं मांदूचं – वाफवलेल्या सारणाच्या करंज्यांचं – दुकान, वय त्रेसष्ट, आणि नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून पिठाची पोती आणायला गाडी आपणच चालवायची असं तिनं ठरवलं होतं. गिदोक खाली उतरला, गाडीला चक्कर मारून चारी टायर तिला दाखवले, आणि ती स्टिअरिंगमागे बसल्यावर आपल्या सीटवर परत बसला. गुडघे वाकले, कंबर सीटला टेकली, आणि बोंगसून मावशी एकदम स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागली.

"काय झालं?"

"मास्तर, तुम्हीसुद्धा! या वयात! अहो, माझी नात काल संध्याकाळपासून घरभर तेच करत फिरतेय."

"मी काय केलं?"

"ते काय, ते मुलींच्या गाण्यातलं. आय्गूऽऽ – आणि शेवटचं ते च्च. ते च्चसुद्धा तुम्हाला बरोब्बर जमलंय हो. नातीला नाही जमत, तिचं नुसतंच म्हशीसारखं येतं."

 आपण काही केलं होतं हेच गिदोकला माहीत नव्हतं. सत्तावन्न वर्षांत, निदान गुडघे दुखायला लागल्यापासूनच्या वीस वर्षांत, दिवसाला... गाडीत बसणं, उतरणं, जेवायला जमिनीवर टेकणं, बूट काढायला वाकणं... दिवसाला पन्नास धरले तरी – आणि एकदाही त्याला ते ऐकू आलं नव्हतं. स्वतःच्या नाकाचा वास येत नाही तसं. आणि आता ते त्याला ऐकू आलं, काल संध्याकाळी सहानंतर दोन मिनिटं वीस सेकंदांनी, किमचीच्या डब्याला टेकलेल्या फोनमधून; नाकातून सुरू होऊन मध्ये खड्ड्यात उतरणारं, आणि शेवटी, काम एकदाचं झालं अशा समाधानानं जिभेचा टाळूला लागलेला ठोका. हा म्हातारा कोण. जोंगइमनं तेव्हा त्याच्याकडे तसं का बघितलं...

"मास्तर, पहिला गिअर टाकू का?"

"ही ऑटोमॅटिक आहे, मावशी."

"हो की."

धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती ताशी तीसनं चालली होती, मागे सहा गाड्या वैतागलेल्या, पण गिदोकचं लक्ष नव्हतं. सेबोम नऊ वर्षांची. छुसकचा सण, मोठ्या भावाच्या घरी तीस माणसं, पूर्वजांना नैवेद्य दाखवून झालेला, सगळे जेवायला बसतायत, आणि ही पोरगी मधोमध उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हणाली, हे काका बसताना – आणि ती थेट काकांसारखी बसली. ही आत्या. आणि हे आमचे आप्पा – आणि अख्खं घर हसून आडवं झालं, म्हाताऱ्या काकूच्या तोंडातला भात उडाला. गिदोक हसला नव्हता. मोटारीत तो तिला म्हणाला होता, मोठ्यांची नक्कल करत नाहीत. शिकलेल्या घरातली मुलगी ना तू? पुढे तिनं कधी केली नाही. निदान घरात नाही. आणि मग सतराव्या वर्षी, बस टर्मिनलवर, तिची निळी बॅग बसच्या पोटात टाकून झाल्यावर, काहीतरी बापासारखं बोलावं म्हणून तो म्हणाला होता – काय म्हणाला होता ते तो शक्यतो आठवत नसे, पण ते शब्दसुद्धा वीस वर्षांच्या आय्गूसारखेच असावेत, त्याला न विचारता अधूनमधून येऊन बसत – "तुझ्या आवाजात तुझं असं काय आहे, सांग. ऐकलेल्या गाणाऱ्यांची नक्कल आहे सगळी."

बस सुटली होती. तिनं काचेतून हात केला होता की केस मागे घेतले होते, हे सात वर्षांत ठरलं नव्हतं.

"मास्तर, लाल!"

ब्रेक मावशीनंच मारला. शिकाऊनं मास्तरला सावध केल्याची त्या गाडीतली ती पहिलीच वेळ असावी. "आज तुमचं चित्त ठिकाणावर नाही," ती म्हणाली. "बायकोशी वाजलं वाटतं."

दहाची शिकाऊ राइम, सरकारी दवाखान्यातली नर्स, चोवीस वर्षांची, गाडी उत्तम चालवायची आणि तोंड त्याहून उत्तम. आरसा नीट करता करताच तिनं विचारलं, गाणं लावलं तर चालेल का? परीक्षेत चालत नाही, गिदोक म्हणाला. ही परीक्षा नाही, ती म्हणाली, आणि लावलं. आधी तू, आधी तू. ती डोळा मारणारीची भक्त निघाली. तिचे एकशेचाळीस फोटो तिच्याकडे होते, आणि गिदोकच्या मनात क्षणभर आलं, माझ्याकडे तीन जास्तीचे आहेत, बदली करतेस? – पण शब्द ओठांपाशी आल्यावर त्यानं खोकून घेतलं.

"ऐका हं मास्तर, आता येईल. हे सोडून बाकी गाणं मस्त आहे." आय्गूऽऽ, च्च. "बघितलंत? मी स्वतः मोजलंय, चार सेकंद. कसली सुंदर चढत चढत नेलीय चाल, आणि ही बया मध्येच बसते, चौकातल्या बाकावरच्या पेन्शनरासारखी. ही वेरा या गटात कशाला ठेवलीय मला कळत नाही. नाच ठीक, चेहरा ठीक, आवाज ठीक. ठीक-ठीकचं करायचं काय? कुणाची तरी वशिल्याची असणार. बाप कुणीतरी बडा –"

गाडी जागच्या जागी थांबली. दोघांचे पट्टे दोघांच्या छातीत रुतले, मागच्या दूधवाल्या ट्रकनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"कुत्रं," गिदोक म्हणाला.

"कुठलं कुत्रं?"

"गेलं."

"कुठे गेलं? रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूला भिंत आहे."

"छोटं होतं," गिदोक म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "बोलताना वेग वाढतो तुमचा," जे अगदीच खोटं नव्हतं.  दवाखान्याच्या वळणापर्यंत राइमनं नजर रस्त्यावरून काढली नाही, आणि तिची ती ताठ हनुवटी बघून त्याला वाईट वाटू लागलं, कारण ती जे बोलली होती ते शब्दांच्या फरकानं तोच बोलला होता, टर्मिनलवर, आणि तेव्हा बसच्या बाजूनं कुणी ब्रेक मारला नव्हता. बाप कुणीतरी बडा! त्याला कशाचं हसू येतंय हे कळायच्या आत तो हसला.

"आता काय?" राइमनं विचारलं.

"काही नाही. त्या मुलीचा बाप डोळ्यांसमोर आला."

उतरताना ती म्हणाली, "पण खरं सांगू, सकाळपासून वॉर्डात सगळे पेशंट तेच करतायत. हाड मोडलेले आजोबा सलाइन लावून घेताना करतात आणि शेजारचे पाच हसतात. गाण्याला काही अर्थ नाही, पण वॉर्ड खूश आहे." आणि ती गाडीच्या बाहेर पाय टाकताना स्वतःच – हलकंच, सवयीनं – करून गेली. च्च मात्र तिला जमलं नव्हतं. गिदोकला वाटलं, जीभ टाळूला लागली पाहिजे, मागे, दाढेपाशी... आणि आपण हे तिला शिकवायला निघालो होतो हे जाणवून त्याचे कान तापले.

दुपारी जेवायच्या खोलीत सोयाबीनचं सार, तळलेला मासा आणि आय्गू होतं. म्हणजे शिकवणारे अकराजण होते आणि प्रत्येकजण बसताना करत होता, मुद्दाम, लांबवून, एकमेकांवर मात करत, आणि ऑफिसातली बाई स्पर्धेचे गुण देत होती. गाणं सकाळी गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात नव्हतं, ती फोन बघून म्हणाली, अकराला एकसष्टावर आलं, आता चाळिसावर. सकाळच्या रेडिओवर कुणी निवेदकानं ते चार सेकंद लागोपाठ सात वेळा लावले म्हणे. कुणी एका आजीबाईचा व्हिडिओ, कुणी संसदेतला व्हिडिओ, कुणाच्या तरी मांजराचासुद्धा. गिदोक ताट घेऊन आला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्यानं ताट ठेवलं, खुर्ची ओढली, टेबलाच्या कडेला धरलं, आणि दात आवळून, एक अक्षर न काढता, खाली बसला. गुडघ्यात अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. हे त्याला आजच कळत होतं, की ते नुसतं तोंडातून येत नव्हतं, त्याच्यावरच गुडघा खाली उतरत होता.

"ह्वांगसाहेब, तुमचं राहिलं!" शेजारचा यांग गिदोकला आडनावानं हाक मारत म्हणाला. यांग त्याच्याबरोबरच नोकरीला लागलेला. "तुमचं तर मूळचंच तसं. अगदी गाण्यातल्यासारखं."

"गाणं माझ्यासारखं आहे," गिदोक म्हणाला.

टेबल हसलं. "घ्या! उद्या म्हणतील मानधन द्या!"

तोही हसला, आणि मासा सोलू लागला. सात वर्षांपूर्वी या लोकांनी विचारलं होतं, मुलगी कुठे असते? तो म्हणाला होता, सोलला, कंपनीत. ते खोटं नव्हतं. कसली कंपनी हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून दर खेपेला थोडं वाईट वाटलं... आणि आता सांगायचं? माझी मुलगी आहे ती. आणि ते तिचं नाही, माझं आहे. कोण ठेवणार विश्वास? स्वतःच्याच कण्हण्याची नक्कल करतो असा आरोप असलेला तो देशातला पहिला माणूस असावा.

फोन वाजला. जोंगइम. मागे हेअर ड्रायर चालू.

"लोक हलकट आहेत," ती म्हणाली.

"कोण लोक?"

"इंटरनेटवरचे. मी रात्रभर लढतेय. मी लिहिलं, मी एक रस्त्यानं जाणारी शाळकरी मुलगी आहे, पण त्या वेराचा आवाज किती मायाळू, तिने वेळेवर जेवावे, अंगाला जपावे. तर एकानं उत्तर दिलं, 'मावशी, शाळा कोणत्या साली सोडलीत?'"

"मग?"

"मग मी दुसऱ्या नावानं लिहिलं. मी एक सैनिक आहे. तर तोच मेला परत आला, म्हणाला 'सैनिकमावशी, प्रत्येक वाक्यापुढे दोन दोन ठिपके आणि हसरा चेहरा टाकू नका, ओळखू येता.' आता अकरा हजार लोक मला ओळखतात. सैनिकमावशी म्हणतात. माझ्या बाजूनं भांडतायत." ती थांबली. ड्रायर थांबला. "तुम्हाला कळलं ना? ते कोणाचं आहे ते?"

"तुला कालच कळलं होतं."

"मला? वीस वर्षं मी ते ऐकूनच उठतेय." आणि मग वेगळ्याच आवाजात, "तिचा फोन येईल. नीट बोला. नुसतं जेवलीस का, जेवलीस का करू नका."

साडेचारला आला. पाचच्या शिकाऊची वाट बघत तो पिवळ्या गाडीत एकटाच होता, काचा बंद.

"आप्पा."

"हं. जेवलीस का?"

 तिच्या मागे कुणीतरी पळत होतं, कुणीतरी पिन मागत होतं. एवढ्यात ती म्हणणार, आई आहे का, आणि हा दरवाजा नेहमीसारखा बंद होणार...

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"रागावलात?"

तिचा आवाज नऊ वर्षांचा झाला होता, मागच्या सीटवरचा. त्याला सांगायचं होतं की मावशी हसली, नर्स हसली, आडवे पडलेले पेशंट हसले. सांगायचं होतं की टर्मिनलवर मी जे बोललो ते... त्याला सांगायचं होतं की च्च फक्त तुलाच जमलंय. तो म्हणाला, "वेळेवर थांबलीस. त्याआधी थांबली असतीस तर लवकर झालं असतं."

 पलीकडून नाकातून आलेलं हसू. "हे कौतुक आहे ना?"

"मग काय आहे?"

"अहो, ते मी केलंच नाही. नऊ तास रेकॉर्डिंग चाललं होतं, माझ्या वाट्याची एक ओळ होती, तीस वेळा गायले, तिसावी पहिलीपेक्षा वाईट. मग संगीतकार म्हणाले बस जरा. मी जमिनीवर बसले आणि ते आपोआप आलं. माइक चालूच. ते काचेपलीकडून ओरडले, हे काय होतं? हे कुठून आणलंस?" ती थांबली. "मी म्हटलं, घरून."

गिदोकनं काचेवरचा एक डाग अंगठ्यानं पुसला. तो बाहेरच्या बाजूला होता.

"ओळ काढून टाकली मग त्यांनी," ती म्हणाली. "हेच ठेवलं. मला तीन दिवस रडू येत होतं. आता आज अठराव्यावर आहे गाणं आणि मला कळत नाहीये रडायचं की काय करायचं. आणि आप्पा, आणखी एक. टीव्हीवाल्यांना तुम्ही हवे आहात. म्हणजे, ते ज्यांचं आहे ते. घरी येणार म्हणतात, तुम्ही बसताना शूट करणार. मी हो म्हटलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी सांगेन की माझे आजोबा होते आणि ते वारले."

"म्हणजे तुझा आजोबा होऊन मी मरू?"

"सोपं पडेल सगळ्यांना."

आणि ते दोघं हसले. एकाच वेळी, म्हणून आधी कोण हसलं ते कळलं नाही. हसता हसता त्याला बाजूच्या आरशात जेवणाच्या खोलीची खिडकी दिसली, यांग दिसला, आणि आपण त्याच्यासमोर पंधरा कॅमेऱ्यांपुढे खुर्चीत बसतोय असं दिसलं, आणि – हे त्याला कुणालाही सांगता आलं नसतं – ते वाईट दिसलं नाही. "बघू," तो म्हणाला.

"बघू म्हणजे हो?"

"बघू म्हणजे बघू."

मागून कुणी हाक मारली, वेरा! आणि ती ओरडली, "आले!" – उंच, चकचकीत, त्यानं कधी न ऐकलेला आवाज. त्या आवाजाची कुठलीच खूण त्याला घरात सापडेना. मग फोन बंद झाला.

घरून. म्हणजे काय काय नेलं असेल तिनं? सतरा वर्षं ती पोरगी त्या दोन खोल्यांत होती, मधली भिंत लाकडी फळीची, आणि गिदोकला नेहमी वाटत आलं होतं की लक्ष आपण ठेवत होतो, ती अभ्यास करते की नाही, कुणाशी बोलते, किती वाजता येते. आणि ती तिथे बसून ऐकत होती. त्याच्या किल्ल्यांचा आवाज. जोंगइमची रागातली पाटावरची सुरी. तो आधी शिकवायचा ते ड्रायव्हिंग स्कूल बंद पडलं त्या वर्षी तो न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून बसायचा, नळाच्या आवाजात काही ऐकू जात नाही अशा समजुतीनं... नळाचा आवाज काय एवढा मोठा असतो? आठ गाण्यांतून, तेवढ्या तुकड्या-तुकड्यांतून, तो तिला शोधत राहिला होता. आता ती गाणी परत ऐकायला हवीत, पण दुसऱ्याच कुणाला – स्वतःलाच – शोधायला, आणि ते ऐकावंसं वाटतंय की नाही हे त्याला ठरवता येईना. छातीत पट्टा रुतला होता तिथे दुखत होतं. भीतीच होती ती. पण दुसऱ्याच्या घरी आपला जुना फोटो भिंतीवर लावलेला दिसावा तशीही होती.

पाचची शिकाऊ आली – टपाल कचेरीतली एक अबोल बाई, पहिलाच दिवस, हातमोजे घालून. पट्टा लावला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोर बघत राहिली, त्याच्या शब्दाची वाट बघत.

"पाय ब्रेकवर," गिदोक म्हणाला. "आता सोडा. हळू. घाई नाही, मी आहे."

हे वाक्य तो रोज आठ वेळा म्हणत आला होता. गाडी आवारातून पुढे सरकू लागली, बाईचे खांदे सैल झाले, आणि गिदोक मान थोडी तिरकी करून, आत्ताच कुणी परकं माणूस शेजारी बोलून गेल्यासारखा, ऐकत राहिला – मी आहे, मी आहे – किंचित घोगरा, शेवटाला जरा खाली जाणारा... बरा होता की आवाज. त्यानं ते पुन्हा एकदा म्हणून बघितलं, अगदी हळू.

"काय म्हणालात?" बाईनं विचारलं.

"सरळ जाऊ द्या," तो म्हणाला, आणि हेही कसं वाटलं ते ऐकू लागला.